पाय उजवा आहे

“जरा चालून दाखव बघू.”

सर असं म्हणाले तेव्हा मी प्रेसमध्ये अक्षरांच्या खणांपाशी, केसपाशी, बसले होते. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजव्या हाताच्या चिमटीत खिळा, म्हणजे शिशाचं एक अक्षर. प्रेसच्या दारात सरांच्या शेजारी एक माणूस उभा होता. खांद्याला शबनम, दाढी वाढलेली. नागपूरचा चित्रकार. सरांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ त्याला काढायचं होतं आणि त्यासाठी त्याला एक लंगडी मुलगी बघायची होती. ती मी.

स्टुलावरून उतरले. कुबडी घेतली. प्रेसच्या मागे फरशीचं अंगण होतं. तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. मग परत. चित्रकार उकिडवा बसून कागदावर पेन्सिल ओढत होता. कुबडीशिवाय जमेल का, असं त्याने विचारलं. मला नाही, सरांना. सर म्हणाले, जमेल की. मी कुबडी भिंतीला टेकवली आणि मांडीवर हात दाबत दाबत पुन्हा चालले.

“साडी थोडी वर घे,” सर म्हणाले. “पाय दिसू दे त्यांना.”

मशीनवरच्या नामदेवकाकांनी ट्रेडल थांबवलं. बाइंडिंगच्या सुमनबाई छापलेल्या कागदाची घडी हातात तशीच धरून बघत राहिल्या. दिवसभर खडखडणारा प्रेस एकदम गप्प झाला.

मी साडी वर घेतली. पोटरीपर्यंत. पोटरी कसली, हाडाला चिकटलेलं कातडं. मोठी झाल्यापासून आईशिवाय तो पाय कोणी तसा पाहिला नव्हता. चित्रकार म्हणाला, “वा.” सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तेवीस वर्षांची होते.

त्या दोघांची मला शिसारी येते. पण त्याहून जास्त शिसारी मला माझ्या त्या हाताची येते. कोणीतरी शिकलेला माणूस म्हणाला आणि हाताने साडी वर घेतली. हात नाही म्हणाला नाही. हे लिहितानासुद्धा मी तो हात पदराला पुसते आहे.

मी नाचणगावची. वडिलांची शेती. अडीच वर्षांची असताना ताप आला, ताप गेला आणि जाताना उजवा पाय घेऊन गेला. चौथीपर्यंत आईने मला कडेवर शाळेत पोचवलं. पुढे मी जड झाले आणि ती थकली. मग सायकलच्या टायरचे तुकडे गुडघ्यांना बांधून मी सरपटत शाळेत जायची. कुबडी आली नववीत. ती आली त्या दिवशी मी पहिल्यांदा माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवरून गाव पाहिलं. तोवर मला लोकांचे गुडघेच ओळखू यायचे.

शाळेत खेळाच्या तासाला गुरुजी मला पुस्तकांच्या पेटीपाशी बसवायचे. तुला खेळता येत नाही तर वाच. वाचलं. पेटी संपवली. मग पुलगावच्या वाचनालयातली पुस्तकं मोठा भाऊ आणून द्यायचा, तीही संपवली. आणि हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पुस्तकात वाकड्या अंगाचं माणूस आलं की पुढचं सगळं मला आधीच कळायचं. एकतर तो कपटी असायचा आणि देवाने त्याला खूण करून ठेवलेली असायची. नाहीतर तो देवमाणूस असायचा आणि शेवटाकडे मरायचा. आंधळी मुलगी असली की गोड गायची आणि शेवटच्या पानावर तिला दिसायला लागायचं. मुका असला की तो नोकर असायचा आणि मालकासाठी छातीवर वार झेलायचा. या माणसांना कधी भूक लागायची नाही. कधी खाज सुटायची नाही. कोणाचा राग यायचा नाही. परसाकडे जायची वेळ आली तर ती काय करायची, हे एकाही पुस्तकात मला सापडलं नाही. मला तेच तर शिकायचं होतं.

शहात्तर साली मॅट्रिक झाले. सेकंड क्लास. मोठा भाऊ वर्ध्याला एका ऑफिसात कारकून लागला होता, सिंदी मेघेला त्याने दोन खोल्या घेतल्या होत्या. मी त्याच्याकडे आले. वहिनी वाईट नव्हती. भांडी घासायला बसलं की दिवस निघून जायचा. पण मला भांडी घासायची नव्हती. वर्षभराने या प्रेसमध्ये काम मिळालं. खिळे जुळवायचं.

कंपोझिटर लोक उभ्याने काम करतात. केस उंचावर, तिरपी. दिवसभर मी उभी राहू शकत नव्हते. मालकांनी माझ्यासाठी सुताराकडून एक उंच स्टूल करून घेतलं, खाली पाय टेकायला पट्टी, मागे टेकायला पाठ. मालक व्यापारी घरातले, खिशाचा विचार करणारे, पण त्यांनी ते स्टूल केलं. हे मी विसरलेली नाही. अख्ख्या वर्ध्यात माझ्या मापाची ती एकच जागा होती. चार वर्षांत मी इतकी तयार झाले की खणाकडे न बघता खिळे उचलायची. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, कॉलेजचा वार्षिक अंक. उलटी अक्षरं मला सुलट्यांपेक्षा लवकर वाचता येतात, आजही.

सर त्या वार्षिकाचे संपादक होते. कॉलेजात मराठी शिकवायचे. नाव लिहीत नाही. नाव छापून आलं की त्यांना अजूनही आनंदच होईल. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. सभेत बोलायला लागले की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. एकदा प्रूफं तपासता तपासता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तुझं आयुष्य म्हणजे एक कादंबरी आहे. ते साल एक्क्याऐंशी. अपंगांचं वर्ष म्हणून जाहीर झालं होतं. रेडिओवर आमच्यावर भाषणं व्हायची. जो तो आमच्या शोधात होता.

तीन दुपारी सर माझ्यासमोर वही घेऊन बसले. समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. मला आयुष्यात कोणी एवढं विचारलं नव्हतं. मी हरखून गेले. सगळं सांगितलं. बोरं चोरायला पोरं झाडावर चढायची आणि मी खाली राखण करायची. त्यातली सगळ्यात मोठी बोरं मी आधी पोलक्यात लपवायची, हे सांगितलं. चुलतभावाने लंगडे म्हटलं म्हणून कुबडी हाणून त्याचा दात पाडला, हे सांगितलं. मला सिनेमाचं वेड आहे आणि लग्न करायचं आहे, हेही सांगितलं. पण मला येतात ती सगळी स्थळं बायको मेलेल्यांची, त्यांना बायको नको असते, मुलांसाठी बाई हवी असते, म्हणून मी एकालाही हो म्हणत नाही.

शेवटच्या दुपारी त्यांनी विचारलं, तुझं सगळ्यात मोठं दुःख कोणतं? त्यांच्या डोळ्यांत पाणी तयार होतं.

मी म्हटलं, “संडासाच्या तीन पायऱ्या.”

खरंच होतं ते. प्रेसचा संडास अंगणाच्या पलीकडे, तीन उंच पायऱ्यांवर. धरायला कठडा नाही. पावसात शेवाळ. दोनदा पडले होते. तेव्हापासून सकाळी घरून निघाल्यावर संध्याकाळपर्यंत मी पाण्याचा घोट घेत नव्हते. उन्हाळ्यातसुद्धा. वर्ध्याचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको. ओठ फुटायचे, लघवीला आग व्हायची. सरांनी वही मिटली. त्यांच्या चेहऱ्यावर, ताटात केस निघाल्यावर होतो तसा भाव आला.

महिन्या-दोन महिन्यांनी कादंबरीचं हस्तलिखित प्रेसमध्ये आलं. मालकांनी ते माझ्यासमोर ठेवलं. तुझीच गोष्ट आहे, तूच जुळव, असं कौतुकाने म्हणाले. पहिल्या पानावर सरांनी लिहिलं होतं, वर्ध्याच्या एका अभागी मुलीची ही सत्यकथा.

आमचा प्रेस लहान. अख्खं पुस्तक जुळवून ठेवायला खिळे नसायचे. आठ पानांचा एक फर्मा जुळवायचा, प्रूफ काढायचं, लेखकाने दुरुस्त करून ‘छापा’ म्हणून सही केली की छापायचा. मग ती पानं मोकळी करून एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा. याला आम्ही खिळे सोडणं म्हणायचो. तेच खिळे पुढच्या फर्म्याला. म्हणजे गोष्ट मला आठ-आठ पानांनी कळत गेली.

वाचणारा माणूस ओळीवरून डोळा फिरवतो. जुळवणाऱ्याला एकेक अक्षर उचलावं लागतं. सरांची नायिका कधी हसत नव्हती. खिडकीत बसून बाहेर फुगड्या घालणाऱ्या मुलींकडे बघत होती. गोड गळ्याने भजनं म्हणत होती. माझा आवाज फाटका आहे. बोरं नव्हती, पडलेला दात नव्हता, सिनेमा नव्हता. तीन पायऱ्या नव्हत्या. सगळ्यात मोठ्या दुःखाच्या जागी लिहिलं होतं की तिच्याकडे कोणी प्रेमाने पाहिलं नाही. आणि पानापानांवर लुळी, पांगळी, दुबळी, भोळी. चौथ्या फर्म्याला ‘ळ’चा खण रिकामा झाला. असं चार वर्षांत कधी झालं नव्हतं. बांधून ठेवलेल्या एका लग्नपत्रिकेतले ‘ळ’ उचकटून मी ती भोळी पुरी केली.

तरी जुळवत राहिले. सर मोठे, त्यांना कळत असेल, असं स्वतःला सांगत राहिले.

सहाव्या फर्म्यात माझा हात थांबला. ती अंगणातून जाते आहे आणि तिचा निर्जीव उजवा पाय मागे फरफटतो आहे, असं वाक्य होतं. मला आठवलं, दुसऱ्या फर्म्यात तिचा डावा पाय गेला होता. मीच जुळवलं होतं. छापलेला कागद काढून पाहिला. डावा. लिहून देणाऱ्याने चूक केली की विचारून घ्यायचं, ही आमच्या धंद्याची पद्धत. दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि कोणता ठेवायचा ते विचारलं. मागचा फर्मा छापून झाला आहे, त्यामुळे इथे डावा करावा लागेल, हेही सांगितलं. वाटलं, खजील होतील.

सर हसले. “राहू दे गं. वाचकाचं लक्ष पायाकडे नसतं. दुःखाकडे असतं.”

माझं लक्ष पायाकडेच असतं. कोणता पाय टेकायचा आणि कोणता ओढायचा, हे क्षणभर जरी विसरले तरी मी तोंडावर पडते. तीन दुपारी हा माणूस माझ्या पायासमोर बसला होता. कोणता पाय गेला आहे हे त्याला दिसलं नव्हतं. आणि वरून ते दिसण्याची गरज नाही, हे तो मला शिकवत होता. त्याच आठवड्यात तो चित्रकार आला. मी चालून दाखवलं. त्याने मुखपृष्ठावर गोरीपान, लांब पापण्यांची मुलगी काढली. तिचा डावा पाय वाकडा होता. चित्रात तो त्या बाजूला बरा दिसतो म्हणे.

शेवटचा फर्मा उरला होता. त्यात धाकट्या बहिणीचं लग्न जमत नसतं, कारण घरात पांगळी आहे. म्हणून पांगळी पहाटे उठते, देवाला नमस्कार करते आणि परसातल्या विहिरीत उडी घेते. मग बहिणीच्या मांडवात सनई वाजते. इथे पुस्तक संपतं. जुळवताना मला पहिल्यांदा हसूच आलं. विहिरीला कमरेएवढा कठडा होता, असं सरांनीच आधी लिहिलं होतं. एका पायाच्या बाईने त्यावर चढून दाखवावं आधी. मला तीन पायऱ्या चढता येत नव्हत्या.

हसू टिकलं नाही. कारण माझी धाकटी बहीण खरीच होती. नाचणगावला. तिचं तळेगावच्या एका घरात बोलणं चालू होतं आणि पोराकडच्यांनी निरोप धाडला होता, थोरलीचं काय आहे ते, पुढच्या पिढीत उतरतं का? हे मी सरांना, ते चहा पीत असताना, सांगितलं होतं. त्यांनी माझ्या घरातून ते उचललं आणि त्याचा निकालही लावून टाकला.

त्याच रविवारी एका सभागृहात सरांनी शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. मला बोलावणं होतं, मी गेले नाही. भाऊ-वहिनी गेले. परत आले तेव्हा वहिनीचे डोळे सुजलेले. सगळ्या बायका रडत होत्या, असं तिने सांगितलं. मी जेवायला बसले होते. वहिनी माझ्या ताटात भाकरी वाढता वाढता थांबली.

“बहिणीसाठी जीव देते ती पोरगी,” ती म्हणाली. “लय मोठ्या मनाची हाय बापा.”

आणि माझ्याकडे बघत राहिली. वाईट नजरेने नाही. आशेने. भाऊ खाली मान घालून जेवत होता. पाच वर्षं मी त्या घरात होते, पडले, झडले, तापाने फणफणले. वहिनी माझ्यासाठी पहिल्यांदा रडली ती मी मेल्यावर. ताटातली भाकरी अर्धी टाकून मी उठले.

सोमवारी प्रेसमध्ये सगळ्यांच्या आधी पोचले. शेवटचा फर्मा पानं मांडायच्या सपाट दगडावर दोरीने बांधून ठेवला होता. शनिवारी सरांनी प्रूफावर सही केली होती. नामदेवकाका आले की तो मशीनवर चढणार होता. पुढच्या रविवारी प्रकाशन. मंत्री येणार होते.

मी दोरी सोडली. स्टूल ओढून दगडाजवळ घेतलं आणि विहिरीपासून सुरुवात केली. वि, ही, र. एकेक खिळा आपल्या खणात. घाई केली नाही. ओतून, मिसळून, सांडून टाकता आलं असतं, पण ते खिळे मालकांचे होते. खराब करायचे नव्हते. सनई गेली, मांडव गेला, नमस्कार गेला. नामदेवकाका आले, बघत उभे राहिले. सुमनबाईंना कळलं तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला. सर आले तेव्हा चार पानं मोकळी झाली होती.

“हे काय करतेस?”

“सोडून राह्यली.”

“अजून छापलं नाही. कोणी सांगितलं तुला?”

“कोणीच नाई. सर, मले मरायचं नाई.”

सर खुर्चीवर बसले. वर्गात बोलतात तसं संथ बोलायला लागले. ती तू नाहीस. ते पात्र आहे. कलेत आणि जीवनात फरक असतो, तुझ्या शिक्षणाला तो कळणार नाही. त्या पात्राच्या मरणाने हजारो लोकांच्या मनात तुम्हा लोकांविषयी करुणा जागी होईल.

माझा हात चालूच होता. मी म्हटलं, “ते पात्र हाय, तर चालून मी काऊन दाखवलं?”

सर खुर्चीवरून उठले. मग त्यांचा चेहरा लाल झाला. खरा चेहरा मी तेव्हा पाहिला. तुझ्यासारखीला मी पुस्तकात जागा दिली, म्हणाले, नाहीतर तुला कोण विचारतं. करुणा एवढ्यात संपली होती.

मालक आले. सर त्यांच्याशी आत बोलले, मोठ्याने. मालक बाहेर आले ते घाम पुसत. कॉलेजचं सगळं काम सरांच्या हातात होतं. ते माझ्याजवळ वाकून हळू म्हणाले, “बेटी, माफी मागून टाक. बात खतम.”

“मी चुकली काय, काकाजी?”

त्यांनी पुन्हा घाम पुसला. मग, उद्यापासून येऊ नको, असं दगडाकडे बघत म्हणाले. मी उरलेल्या चार पानांचे खिळे सोडून पूर्ण केले. शेवटचा ‘ळ’ खणात टाकला. हात धुतले. सुमनबाई दाराशी कोणाला तरी सांगत होत्या, “लय माज आला लंगडीले.” त्यांच्या शेजारून गेले.

वाटलं होतं, मालक निदान स्टूल घेऊन जा म्हणतील. म्हणाले नाहीत. नव्या कंपोझिटरला ते उंच पडलं म्हणून पुढे स्टुलाचे पाय कापून टाकले, असं कळलं.

पुस्तक रविवारी निघालं. सरांनी शेवटचा फर्मा नागपूरच्या प्रेसमध्ये छापून आणला. तिथला टाइप वेगळा, बारीक. कोणीही पुस्तक उघडून बघावं. पान एकशे बारापर्यंत माझ्या हातची ठसठशीत अक्षरं आहेत आणि एकशे तेरापासून बारीक. माझा हात जिथे थांबतो तिथून तिचं मरण सुरू होतं. पण दुसऱ्या फर्म्यातला डावा पाय माझ्याच हातचा आहे. तो मी सोडू शकले नाही. पुस्तकाला बक्षीस मिळालं. जिल्ह्यातल्या वाचनालयांनी प्रती घेतल्या, शाळांनी मुलींना बक्षीस म्हणून वाटल्या. सरांचे सत्कार झाले. भाषणात ते म्हणायचे, त्या अभागी जीवाला ही माझी ओंजळभर फुलं.

बहिणीचं लग्न झालं. त्याच तळेगावच्या घरात, पुढच्या उन्हाळ्यात. पोराने स्वतः येऊन सांगितलं, मला थोरलीचं काही नाही. मी जिवंत होते. मांडवात होते. तीन लाडू खाल्ले.

मी टायपिंग शिकले. सहा वर्षं झाली, कचेरीच्या बाहेर झाडाखाली टेबल मांडून बसते. लोकांचे अर्ज टाइप करते. जवळच एका ओळखीच्या घरी संडास जमिनीलगत आहे. दुपारी तांब्याभर पाणी पिते. सगळ्यांदेखत पिते. एवढंच मी कमावलं, आणि ते कोणाच्या करुणेने नाही.

गेल्या महिन्यात बहिणीचं पत्र आलं. तळेगावच्या वाचनालयात ते पुस्तक आहे. दुपारी बायका जमून वाचतात. एकीने तिला विचारलं, तू नाचणगावची ना, थोरली लंगडी होती ना तुमची, मग ती विहिरीत गेली ती तुझीच बहीण ना वं? कोणत्या साली गेली? बहिणीने लिहिलं होतं, तू जिवंत हाय म्हणून सांगितलं तर ती म्हणे, पुस्तकात तर मेली.

पत्र मी दोनदा वाचलं. रडू आलं नाही. इतक्या वर्षांत जिल्हाभर किती कपाटांत मी मरून पडले आहे, ते त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं.

प्रूफात चूक दिसली की ती दुरुस्त करायची. लेखक कितीही मोठा असो. हे मला त्याच प्रेसने शिकवलं. मी लाल शाईचं पेन घेतलं आणि वर्ध्याच्या वाचनालयात गेले. पुस्तक मागितलं, टेबलाशी बसले. डावा खोडला, समासात लिहिलं, उजवा. एकशे तेरा ते एकशे वीस, प्रत्येक पानावर आडवी रेघ आणि समासात, हा मजकूर काढावा, अशी प्रूफवाल्यांची खूण. खाली लिहिलं, ही बाई मेली नाही, कचेरीबाहेर बसते. सही केली. मग पुलगाव. मग देवळी. देवळीच्या ग्रंथपालाने मला रंगेहाथ पकडलं. सरकारी पुस्तक खराब करता म्हणून ओरडला. मी म्हटलं, “खराब नाई, दुरुस्त करून राह्यली.” त्याने मला बाहेर काढलं. पण तोवर शेवटचं पान झालं होतं.

उद्या तळेगावला निघते आहे. एसटीची पायरी माझ्या मांडीएवढी उंच आहे. आधी कुबडी आत टाकायची, मग दांडा धरून अंग वर ओढायचं, मागचे लोक घाई करतात, तशी ती करू देत. वाचनालयात त्या बायका असतील तर त्यांच्यासमोर बसून दुरुस्त करीन. मग आष्टी, आर्वी, हिंगणघाट. जिथे जिथे ते पुस्तक आहे तिथे जाईन. बंदी घाला, पोलिसांत द्या. एक जरी प्रत तशी उरली तरी माझं काम संपलेलं नाही.

आणि रस्त्यात कोणी थांबवून म्हणालंच, जरा चालून दाखव, तर त्याला उत्तर मिळणार नाही. मला एसटी गाठायची आहे.